पदरमोडीची गाणी

मुंबईत 'ऑपेरा हाउस' हा शब्द हजारो लोक रोज उच्चारतात. बसचा कंडक्टर उच्चारतो, टॅक्सीवाला उच्चारतो, एकेकाळी तर हिऱ्यांचे दलाल दिवसातून शंभरदा उच्चारत. चर्नी रोड स्टेशनातून बाहेर पडून केनेडी पुलाकडे निघालं की जो सगळा परिसर लागतो, त्याचं ते नाव. पण ज्या इमारतीवरून हे नाव पडलं ती इमारत आतून पाहिलेली माणसं थोडी, आणि तिथं बसून ऑपेरा ऐकलेली तर त्याहून थोडी. गावाला देवळाचं नाव असावं आणि देऊळच कुलूपबंद असावं, तसं १९९३ पासून २०१६ पर्यंत, तब्बल तेवीस वर्षं चाललं होतं.

आज मी त्या इमारतीत २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या एका गाण्याच्या कार्यक्रमाविषयी बोलणार आहे. गाणारी-वाजवणारी चौघं होती, तीन मुलगे आणि एक मुलगी. वयं पंचवीस ते तीस. अशा मंडळींना हल्ली 'इंडी बँड' म्हणतात. त्यांच्या बँडचं नाव मी घेत नाही. रेडिओवर कुणाची जाहिरात होता कामा नये, ही शिस्त आम्हा जुन्या बोलणाऱ्यांच्या अंगात मुरलेली आहे. शिवाय त्यांच्या नव्या अल्बममधल्या नऊ गाण्यांपैकी एक माझ्या कवितेवर आहे, तेव्हा ती जाहिरात माझीच व्हायची.

'इंडी' हा 'इंडिपेंडंट'चा छोटा अवतार. माझ्या पिढीच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमातलं गाणं, हे समीकरण इतकं पक्कं बसलं आहे की सिनेमाबाहेर गाणाऱ्याला लोक पहिला प्रश्न विचारतात तो, 'कुठल्या पिक्चरमध्ये?' भावगीत, भक्तिगीत, कव्वाली यांना कंपन्या मिळाल्या, कॅसेटी निघाल्या. पण गिटार-ड्रम घेऊन स्वतःचे शब्द, स्वतःची चाल गाणाऱ्या मुलांना ना सिनेमा होता, ना कंपनी. मुंबईत अशांसाठी धोबीतलावचं रंगभवन होतं. उघडं थिएटर. मी कॉलेजात असताना तिथले रॉकचे कार्यक्रम मी बऱ्याचदा भिंतीबाहेर उभा राहून ऐकले आहेत, कारण बाहेरून ऐकायला तिकीट नव्हतं. पुढं शेजारची इस्पितळं आणि कॉलेज यांच्यामुळं तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथलं गाणं थांबलं. मग ही मुलं हॉटेलांत, क्लबांत गेली. तिथं लोक खायला-प्यायला येतात. गाणं हे लोणच्यासारखं, ताटाच्या कडेला.

दिल्लीच्या 'इंडियन ओशन'सारखे काही गट स्वतःच्या वाटेनं मोठे झाले. त्यांचा 'कंदिसा' २००० साली आला तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं, की असंही संगीत आपल्या देशात होतं. पण बाकीच्यांचा सगळा मामला पदरमोडीचा. आणि पदरमोड हा शब्द मराठी कवीला समजावून सांगावा लागत नाही. माझे तीन संग्रह आहेत. पहिला मी माझ्या पैशांनी छापला, दुसरा बायकोच्या, तिसऱ्याला प्रकाशक मिळाला, पण शंभर प्रती मी विकत घ्यायच्या अशी त्यांची अट होती. म्हणजे मी इंडीच. शब्द तेव्हा ठाऊक नव्हता एवढंच.

या मुलांनी अल्बमचे पैसे कसे उभे केले, हे ऐकण्यासारखं आहे. एक जण संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो, एक मुलांना गिटार शिकवतो, गाणारी मुलगी जाहिरातींना आवाज देते. पण मोठी रक्कम आली ती लग्नांतून. दोन वर्षं चौघांनी लग्नाच्या आदल्या रात्रीच्या 'संगीत'मध्ये सिनेमाची गाणी वाजवली, नवरदेवाच्या काकांच्या फर्माईशी पुरवल्या, आणि ते पैसे साठवून सिनेमाबाहेरचा अल्बम केला. मीरा रोडच्या एका फ्लॅटमध्ये, खिडक्यांना गाद्या लावून, रात्री अकरानंतर ध्वनिमुद्रण. फक्त ड्रमसाठी दोन दिवस स्टुडिओ भाड्यानं घेतला, कारण सोसायटीचे लोक गाद्यांना फसले नाहीत.

माझ्यापर्यंत ती कशी आली? त्यांतल्या बासवाल्या मुलाला माझा दुसरा संग्रह रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत सापडला. कुणाला तरी मी सही करून दिलेली प्रत होती. कुणाला, ते पान फाडलेलं असल्यानं कळलं नाही, हे बरंच झालं. मुलानं फोन केला, 'सर, तुमच्या एका कवितेला चाल लावली आहे, परवानगी हवी.' मी दोन मिनिटं गप्प होतो. मराठीत कवीला विचारून चाल लावतात, हे मला नवीन होतं.

कवितेचं नाव 'कागद'. आमचं गाव बाणकोटच्या खाडीच्या काठी. कोकणी मुसलमानांच्या अनेक घरांसारखं आमचंही घर आखातातून येणाऱ्या पैशांवर चालायचं. वडील कुवेतला होते. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून चौथीत असल्यापासून तिचे कागद मी लिहायचो. पत्राला आमच्याकडं कागदच म्हणत. ती सांगायची: पाऊस झाला, कौलं शाकारून घेतली, ड्राफ्ट पोचला, म्हातारीचा खोकला आहे तसाच. मी लिहायचो. गावात शाळा मराठी होती, म्हणून कागद मराठीत. मला समारंभांत हमखास विचारतात, 'तुम्ही मराठीत कसे काय लिहायला लागलात?' विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण प्रश्न ऐकून ऐकून मी थकलो आहे. उत्तर एवढंच, की माझं पहिलं मराठी लेखन आईनं सांगितलं आणि वडिलांनी वाचलं.

कवितेत तीन कडवी आहेत. पहिल्यात ती काय सांगायची ते. दुसऱ्यात ती काहीतरी सांगायला लागायची आणि थांबायची, 'हे नको लिहूस' म्हणायची, कारण लिहिणारा तिचा मुलगाच होता. तिसऱ्यात पाकीट चिकटवणं.

मुलं घरी आली. चाल ऐकवली. चांगली होती, साधी होती. मग गायिकेनं हळूच विचारलं, 'काका, कागदच्या ऐवजी पत्र म्हटलं तर? आमच्या वयाच्या लोकांना कागद म्हणजे नुसता कोरा कागद वाटेल.' (पहिल्या चहापर्यंत मी सर होतो, दुसऱ्याला काका झालो.) मी म्हटलं, पत्र आपण सगळेच लिहितो. कागद फक्त माझ्या आईनं लिहिला आहे. शब्द बदलणार असाल तर कविता ठेवून जा. शब्द राहिला. पण दुसरं कडवं त्यांनी काढलं. गाणं साडेसहा मिनिटांचं होत होतं, आणि एवढं लांब हल्ली कुणी ऐकत नाही म्हणे. कडव्याच्या जागी त्यांनी काय ठेवलं, तर काहीच नाही. पहिलं कडवं संपतं, सगळी वाद्यं थांबतात, चार-पाच सेकंद शांतता, मग तिसरं कडवं. मी अल्बम आला तेव्हा फोनवर ऐकला. त्या शांततेत मला वाटलं, रेंज गेली. माझ्या बहिणीला वाटलं, बॅटरी संपली. मी मुलांना तसं कळवलंही. ती म्हणाली, 'काका, थिएटरमध्ये ऐका.'

आता थिएटरविषयी. रॉयल ऑपेरा हाउसची कल्पना कलकत्त्याचे मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका या दोघांची. काम १९०९ च्या सुमारास सुरू झालं, १९११ साली पंचम जॉर्ज मुंबईत आले तेव्हा अर्धवट बांधकामातच उद्घाटन उरकून घेतलं, आणि मग इमारत पुरी झाली. (उद्घाटन आधी, काम नंतर, ही पद्धत आपण स्वातंत्र्यानंतर काढली, असं मला उगाच वाटत होतं.) युरोपातल्या बरोक धाटणीची नक्षी, दर्शनी दालनात झुंबरं. ती भायखळ्याच्या सासून कुटुंबाच्या बंगल्यातून आलेली. इथं बालगंधर्व गायले, दीनानाथ गायले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सनं इथं नाटकं केली. पुढं बोलपट आले तसं या नाट्यगृहाचं चित्रपटगृह झालं. १९५२ मध्ये ते गोंडलच्या राजघराण्यानं घेतलं, आणि आजही ते त्यांच्याकडं आहे.

मी चौपाटीवरच्या कॉलेजात बी. ए. करत होतो तेव्हा तिथं सिनेमेच लागत. स्वस्तातलं तिकीट काढून मी पुष्कळदा बसलो आहे, पण पडद्याकडं बघत. छताकडं कधी पाहिलं नाही. १९९३ साली ते बंद झालं. त्या वर्षी मुंबईत बरंच काही बंद झालं. काही दारं पुन्हा उघडली, काही नाही. तो आजचा विषय नाही. हे दार उघडलं. आभा नारायण लांबा या वास्तुरचनाकार बाईंनी जुने फोटो, जुने अवशेष धुंडाळत, सिनेमाच्या काळात चढलेले थर उतरवत ते मूळच्या रूपाकडं नेलं. २०१६ च्या ऑक्टोबरात पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेल्या गोवेकर घरातल्या ऑपेरा गायिका, तिथं गायल्या आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं या कामाला पारितोषिक दिलं.

मी दुपारीच गेलो होतो, मुलांनी बोलावलं म्हणून. रिकामं थिएटर पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. तांबड्या खुर्च्या, सोनेरी किनारी, आणि या वेळी मान वर करून पाहिलेलं छत. छताचा घुमट आठ भागांत वाटला आहे आणि तो सजवला आहे कवी-नाटककारांच्या सन्मानार्थ. कवींना छतावर जागा देणारी ही मुंबईतली एकमेव इमारत असावी. खालच्या जागेचं भाडं परवडत नाही म्हणून वर ठेवले असतील.

मुलं मात्र घाबरली होती. त्याचं कारण आवाज. हे थिएटर बांधलं तेव्हा लाउडस्पीकर नव्हते. गाणाऱ्याचा उघडा आवाज गॅलरीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जावा, म्हणून छताचा बाक, सज्जांची वळणं, सगळं बेतलेलं. संगीत नाटकांच्या नटांचे आवाज अशाच थिएटरांत घडले. बालगंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असायची, आणि ती सारंगी मागच्यांना ऐकू जायची, विजेशिवाय. अशा जागेत ड्रमचा संच नेऊन ठेवला की काय होतं? एक टोला मारला की तो छताला लागून परत येतो, तोवर दुसरा निघालेला असतो. दोघांची टक्कर होते. क्लबात ही मुलं आवाज वाढवून लोकांच्या गप्पांवर मात करायची. इथं वाढवलेला आवाज त्यांच्याच अंगावर येत होता.

साउंडवाला अनुभवी माणूस होता. तो म्हणाला, 'हॉल स्वतः वाजतो. तुम्ही थोडं कमी वाजवा.' मग दोन तास ते कमी वाजवण्याचं काम चाललं. ड्रमखाली सतरंज्या घातल्या. ड्रमवाल्यानं काड्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. स्पीकर खाली आणले. दोन गाण्यांची लय उतरवली, कारण घाईच्या शब्दांचा घुमटाखाली काला होत होता. गायिका मायक्रोफोन तोंडाशी धरून गायची सवय असलेली. तिला तो हातभर लांब करायला लावला. मी मागं गॅलरीत जाऊन बसलो. पाच मिनिटांपूर्वी जो गोंधळ होता, त्यातून एकेक शब्द वेगळा होऊन यायला लागला. शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी आजच्या मुलांना गायनाचा धडा द्यावा, असं काहीतरी ते होतं. कार्यक्रमापेक्षा ही दुपारच मला जास्त आवडली, हे सांगून टाकतो.

संध्याकाळी लोक आले. जागा पावणेसहाशेच्या आसपास आहेत. तीन-चतुर्थांश भरल्या असतील. बहुतेक तरुण. काहींचे आईवडील. दोन-तीन म्हाताऱ्या पारशी बायका, ज्या बहुधा इमारतीसाठी आल्या होत्या. तिसरी घंटा झाली नाही, त्यामुळं मला सुरुवात झाल्यासारखं वाटेना. पहिली दोन गाणी मुलं दबून गायली. चौथ्या गाण्याला सैल झाली. सगळीच गाणी चांगली होती असं मी म्हणणार नाही. एक तर फोनवर बोलणाऱ्या प्रियकराच्या तक्रारींचं होतं आणि ते संपता संपत नव्हतं. त्याला साडेसहा मिनिटं मिळाली होती, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

सातवं गाणं 'कागद'. गायिकेनं माझं नाव सांगितलं, पण मला उठून उभं राहायला लावलं नाही, हा तिचा समजूतदारपणा. पहिलं कडवं झालं. वाद्यं थांबली. आणि ती शांतता आली.

फोनवर ती शांतता म्हणजे रेंज गेलेली. इथं चारशे माणसं एका छताखाली बसलेली. कुणी खोकलं नाही. कुणीतरी खुर्चीत हललं, ते ऐकू आलं. बाहेर पुलावरून गाडी गेली असावी, तिची गुणगुण ऐकू आली. लोकांना पुढं काय येणार ठाऊक नव्हतं, आणि सगळे त्या न आलेल्या गोष्टीची वाट पाहत होते. माझ्या शेजारी एक मुलगी होती, विशीतली, मराठी कितपत कळत होतं कोण जाणे. तिनं मांडीवरची बॅग उचलून छातीशी धरली. आई सांगता सांगता थांबायची तेव्हा मी पेन उचलून तिच्याकडं बघत राहायचो. साधारण तेवढाच वेळ गेला. मग तिसरं कडवं आलं.

कडवं काढायला नको होतं, असं माझं अजूनही मत आहे. पण त्या चार-पाच सेकंदांसाठी थिएटर लागतं, हेही तितकंच खरं. शब्द कुठंही ऐकता येतो, बसमध्ये, स्वयंपाकघरात, कानात बोंडं घालून. शांतता मात्र एकट्यानं ऐकता येत नाही. त्यासाठी आणखी माणसं लागतात, अंधार लागतो, आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणारं छप्पर लागतं.

कार्यक्रम संपल्यावर चौघं दर्शनी दालनात टेबल टाकून उभी होती. हल्ली तबकड्या कुणाकडं वाजत नाहीत, सीडी लावायला यंत्र नाही. म्हणून त्यांनी गाण्यांची वही छापली आहे. नऊ गाण्यांचे शब्द, आणि शेवटच्या पानावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र. फोन समोर धरला की गाणी उतरून येतात. किंमत दोनशे रुपये. मला संगीत नाटकांच्या पदांच्या पुस्तिका आठवल्या. आण्या-दोन आण्यांना तंबूबाहेर मिळायच्या आणि लोक त्या घरी नेऊन पदं पाठ करायचे. आणि याच इमारतीच्या दाराशी पृथ्वीराज कपूर आठवले. प्रयोग संपल्यावर ते झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत; जाणारे प्रेक्षक तीत पैसे टाकत. एवढा मोठा नट, पण नाटक कंपनीचा खर्च तिकिटांतून भागत नव्हता. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा बासवाला म्हणाला, 'म्हणजे पूर्वीपासूनच असंच आहे?' त्याला धीर आला की तो खचला, मला कळलं नाही. वह्या एकशे दहा गेल्या.

हिशेब मी मागितला नव्हता, त्यांनीच दाखवला. थिएटरचं भाडं, साउंड, दिवे वजा जाता हातात जवळजवळ काही उरलं नाही. भाडं जास्त आहे अशी तक्रार मी करणार नाही. तसली इमारत उभी ठेवायला खर्च येतोच, आणि ती खाजगी मालकीची आहे. पण लग्नांत दोन वर्षं वाजवावं तेव्हा एक संध्याकाळ परवडते, एवढं गणित आपण लक्षात ठेवायला हवं. जुनी थिएटरं दुरुस्त होतात तेव्हा आपण नक्षीचे फोटो काढतो. आत उद्या कोण गाणार आणि त्याला ते परवडणार का, हा प्रश्न फोटोत येत नाही.

त्याच वर्षी, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पुरं झालेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. याच केशवरावांनी १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर मुंबईत, ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केलं होतं. ते बालीवाला थिएटर आज नाही. कोल्हापूरचं पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलं गेलं. ते पहिल्यासारखं व्हावं, अशी सगळ्या कलावंतांची मागणी होती. माझीही आहे. फक्त तिच्यात एक ओळ जोडावीशी वाटते: महिन्यातली एक तारीख, कमी भाड्यात, ज्यांचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही त्यांच्यासाठी.

तारखांचं सांगायचं तर, या मुलांनी नंतर एका उपनगरातल्या पालिकेच्या नाट्यगृहात अर्ज केला. अर्जात रकाने होते: नाटक, बालनाट्य, लोकनाट्य, ऑर्केस्ट्रा, शालेय कार्यक्रम, सभा. कारकुनानं विचारलं, 'तुमचं काय?' मुलं म्हणाली, 'आमची स्वतःची गाणी आहेत.' तो म्हणाला, 'मग ऑर्केस्ट्रा लिहा.' तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारची, दुपारी साडेतीनची. माझ्या बहिणीला मी बरोबर नेणार आहे. आणि दुसरं कडवं त्या दिवशी गाऊन पाहू, असं गायिकेनं फोनवर कबूल केलंय. शांतता काढायची नाही, ती त्याच्या आधी ठेवायची, असं तिचं म्हणणं आहे.